मागचं दाखवणारं हेल्मेट: आरसा डोक्यापाशी आला की काय बदलतं?

बाइकच्या आरशात निम्मा आपलाच खांदा आणि कोपर दिसतं, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक चालवणाऱ्याची असते. आरसा बाहेर ढकलून बघितला, कोपर आत घेऊन बघितलं, तरी थेट पाठीमागची मधली पट्टी झाकलेलीच राहते. त्यात इंजिन एका ठराविक वेगाला आलं की आरसा थरथरू लागतो आणि मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसायला लागतात. आरसा एक अंशाने हलला तर त्यातलं दृश्य दोन अंशांनी हलतं, परावर्तनाचा नियमच तसा आहे. त्यामुळे बारीकशी थरथरही दृश्य पार पुसून टाकते.

हे दुखणं जुनं आहे. १९११ साली अमेरिकेत पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांमध्ये मागे लक्ष ठेवायला शेजारी मेकॅनिक बसवलेला होता. रे हॅरून मात्र एकटाच बसला आणि गाडीवर त्याने मागचं बघायचा आरसा लावला. शर्यत त्यानेच जिंकली, पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हादरत होता की त्यात फारसं काही दिसलं नाही, असं नंतर त्यानेच सांगितलं.

मग आरसा हँडलवरून उचलून हेल्मेटमध्येच बसवला तर? डोकं हँडलइतकं थरथरत नाही, कारण मधे हात, खांदे आणि मान येतात आणि बरेचसे हादरे वाटेतच जिरतात. कोपर आड यायचा प्रश्नही उरत नाही. कल्पना इतकी सरळ आहे की असली हेल्मेटं सगळीकडे का दिसत नाहीत, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर थोडं भूमितीत आहे, थोडं कवटीच्या सुरक्षेत आणि थोडं आपल्या डोळ्यांच्या सवयीत.

आधी भूमिती. आरशात किती रुंद दृश्य दिसणार, हे आरशाच्या आकाराइतकंच तो डोळ्यापासून किती लांब आहे यावर ठरतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसतो आणि खिडकीला नाक लावलं की अख्खी गल्ली दिसते, तसंच हे. हिशेब करून बघू. १२ सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्यात साधारण ११ अंशांचा पट्टा दिसतो. तेच फक्त ४ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा ६ सेंटिमीटरवर आणला तर ३७ अंश दिसतात. आकार एक तृतीयांश आणि दृश्य तिपटीहून जास्त!

बाइकच्या आरशांना ही तूट भरून काढायला बाहेरून फुगीर, म्हणजे बहिर्वक्र करतात. त्याने दृश्य रुंद होतं, पण मागची गाडी लहान आणि म्हणून लांब वाटते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सपाट आरशातली प्रतिमा वस्तू खरोखर जितकी लांब असेल तितकीच लांब असते, त्यामुळे समोरच्या रस्त्यावरून आरशाकडे बघताना डोळ्याला फोकस बदलावा लागत नाही. बहिर्वक्र आरशातली प्रतिमा मात्र आरशाच्या मागे अर्धा-पाऊण मीटरवर, म्हणजे डोळ्यापासून सव्वा मीटरच्या आसपास तयार होते. पंचविशीत हा फरक जाणवणार नाही. वाचायला चष्मा लागायच्या वयात मात्र नजर स्थिरावायला तो क्षणभर वेळ खातो. डोळ्याजवळच्या सपाट आरशाची बाजू इथे जड आहे. आरशाची कड धूसर दिसते, पण आतली गाडी स्वच्छ दिसते.

अडचण पुढे येते. डोळ्यापासून ६ सेंटिमीटरवर मागे तोंड करून आरसा धरला तर त्यात मागचा रस्ता दिसणार नाही, आपलंच तोंड दिसेल. रस्ता बघायचा तर प्रकाशाला डोक्याला वळसा घालून पुढे यावं लागतं. बाजूने आणावा तर आरसा हेल्मेटच्या बाहेर काढावा लागेल. म्हणून उरतो वरचा मार्ग: हेल्मेटच्या मागे वरच्या बाजूला एक छोटी खिडकी, तिथून आत आलेला प्रकाश टाळूवरून पुढे न्यायचा आणि कपाळापाशी खाली वळवून डोळ्यांत सोडायचा. थोडक्यात, पाणबुडीतून पाण्यावरचं बघायला असते तशी नळी, म्हणजे पेरिस्कोप, पण डोक्यावरून वाकवलेला.

साध्या पेरिस्कोपमध्ये दोन आरसे असतात आणि त्यात समोरचं सुलटं दिसतं. इथे बघायचं असतं मागचं, म्हणजे प्रकाश पूर्ण उलट फिरवायचा असतो. अशा वेळी दोन आरसे वापरले तर दृश्य उलटं, डोकं खाली पाय वर दिसतं. घरी करून बघण्यासारखं आहे: दोन छोटे आरसे काटकोनात एकमेकांना टेकवा, सांधा आडवा ठेवा आणि सांध्याकडे बघा. तुमचा चेहरा उलटा दिसेल. म्हणून अशा हेल्मेटमध्ये परावर्तनं विषम संख्येत लागतात, एक किंवा तीन. सगळे आरसे उभ्या पातळीत तिरके असल्याने डावं-उजवं बदलत नाही. उजवीकडून येणारी गाडी उजवीकडेच दिसते, नेहमीच्या आरशासारखी, त्यामुळे मेंदूला नव्याने काही शिकावं लागत नाही.

ब्रिटनच्या रीव्हू कंपनीने हे प्रत्यक्षात आणलं. त्यांच्या एमएसएक्स१ या हेल्मेटमध्ये मागची खिडकी, टाळूवरून जाणारा परावर्तकांचा मार्ग आणि व्हायझरच्या वरच्या कडेला, कपाळापाशी, कमी-जास्त तिरका करता येणारा पट्टीसारखा आरसा आहे. परावर्तक काचेचे न ठेवता पॉलिकार्बोनेटचे ठेवले. डोळ्यांपासून बोटभर अंतरावर फुटणारी काच ठेवणं कुणालाच परवडणार नाही. या रचनेत बॅटरी नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. ती मला मनापासून आवडते.

आता प्रश्न जागेचा, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. तो टाळूवरचा मार्ग जातो कुठून? हेल्मेटच्या बाहेरच्या कवचात आणि आपल्या डोक्यात मोकळी जागा नसतेच. तिथे फोम असतो.

हेल्मेट वाचवतं ते बाहेरच्या कडक कवचामुळे, असं बऱ्याच जणांना वाटतं. कवचाचं काम धक्का पसरवायचं आणि टोकदार वस्तू आत येऊ न द्यायचं. मेंदू वाचतो तो आतल्या पांढऱ्या थरामुळे. हा थर एक्स्पांडेड पॉलिस्टायरीनचा, म्हणजे ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा, पण जास्त घट्ट. आदळल्यावर तो चिरडतो आणि चिरडताना डोक्याला थांबायला अंतर देतो.

अंतर किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांत बघू. युरोपातल्या ईसीई २२.०५ मानकात हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर वेगाने कडक ऐरणीवर आदळवून बघायचे. हा वेग ताशी २७ किलोमीटर, जवळपास २.९ मीटर उंचीवरून पडल्याइतका. डोकं हा वेग समान गतीने गमावतं असं धरलं, तर ३ सेंटिमीटरमध्ये थांबताना त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ९६ पट मंदन (वेग घटण्याचा दर) येतं. २ सेंटिमीटर मिळाले तर १४३ पट. एकच सेंटिमीटर मिळाला तर २८७ पट, आणि त्या मानकाची कमाल मर्यादा होती २७५ पट. खरा फोम इतक्या नीटसपणे दबत नाही. त्याची जाडी पूर्ण वापरताही येत नाही, काही भाग दबून घट्ट झाला की पुढे तो जवळजवळ दगडासारखा वागतो. म्हणजे एकेका सेंटिमीटरची किंमत या हिशेबापेक्षा जास्तच आहे.

आता याच फोममधून आरशांचा बोगदा काढायचा आहे. फोम पातळ केला तर थांबायचं अंतर घटतं. फोम तसाच ठेवून कवच वर उचललं तर हेल्मेट उंच आणि जड होतं, वाऱ्यात जास्त ओढलं जातं, मान लवकर दुखते, आणि तिरकस आदळलं तर डोक्याला जास्त पीळ बसतो. वेगवेगळ्या घनतेचा फोम वापरून आणि परावर्तकाचं घर दाबाखाली चेपेल असं करून मार्ग काढता येतो, पण ती मेहनतीची आणि खर्चाची कारागिरी आहे. नुसता आरसा चिकटवण्याचं हे काम नव्हे. म्हणूनच असं हेल्मेट बघताना मी पहिला प्रश्न आरशाचा विचारत नाही. त्याच मॉडेलला, आरसा आत असताना, आपल्या देशातलं सुरक्षा प्रमाणपत्र मिळालंय का, हे विचारतो. नसेल तर पुढचं बोलणं व्यर्थ आहे.

ईसीईच्या नव्या, २२.०६ आवृत्तीत तिरकस धडकेची चाचणी आली. त्यात हेल्मेट ४५ अंश उताराच्या खरखरीत पृष्ठभागावर सेकंदाला ८ मीटर वेगाने सोडतात आणि डोकं किती जोराने गरकन फिरतं ते मोजतात. हे आवश्यकच होतं, कारण रस्त्यावर माणूस क्वचितच सरळ उभा पडतो. तो घसरतो, घासतो, आणि अशा वेळी मेंदूला मुख्य इजा होते ती पिळामुळे.

मग आरसा बाहेरूनच का चिकटवू नये, याचं उत्तरही यातूनच मिळतं. सायकलवाले हेल्मेटला किंवा चष्म्याला छोटी दांडी लावून आरसा बसवतात. त्यांचा तो जुना आणि आवडता जुगाड आहे. मोटरसायकलच्या वेगाला तो चालणार नाही. कवचातून बाहेर आलेली प्रत्येक कडक वस्तू घसरताना रस्त्यात अडकू शकते, आणि अडकली की डोकं थांबतं पण शरीर पुढे जातं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २१८ मानकात कवचाबाहेरच्या कडक उंचवट्याला फक्त ५ मिलिमीटरची परवानगी आहे, तीही आवश्यक जोडणीपुरती. कृपा करून हेल्मेटला ड्रिल मारून किंवा दुहेरी टेपने आरसा लावू नका. भोक पडलं की कवच कमजोर होतं, आणि कोणता गोंद कवचाच्या प्लॅस्टिकला आतून खातो हे बाहेरून दिसत नाही.

समजा, हेल्मेट उत्तम बनलंय आणि प्रमाणपत्रही आहे. मग त्यात नक्की काय दिसतं? त्याच अमेरिकी मानकानुसार हेल्मेट घातल्यावर समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंश मोकळे राहायला हवेत. म्हणजे एकूण २१० अंश आपल्या डोळ्यांच्या आवाक्यात, आणि मागचा १५० अंशांचा पट्टा अंधारात. मघाचे पूर्ण ३७ अंश इथे मिळाले असं धरलं, तर ते या पट्ट्याच्या बरोबर मधे बसतात. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५६-५७ अंश उरतात, आणि ही उरलेली जागा कुठली? खांद्यामागची. शेजारच्या लेनमधली गाडी ओव्हरटेक करायला येते आणि क्षणभर गायब होते, तीच जागा.

म्हणजे हेल्मेटमधला आरसा बाइकचे आरसे जिथे कमी पडतात ती मधली पट्टी दाखवतो, आणि बाइकचे आरसे बाजूच्या लेन दाखवतात. दोघांची जोडी चांगली जमते. तरीही खांद्याजवळचा कोपरा दोघांच्याही हातून निसटतो आणि तिथे मान वळवून बघण्याला काहीच पर्याय नाही. काचा रुंद करून, किंचित वक्र करून दृश्य वाढवता येतं, पण मग वस्तू पुन्हा लहान दिसू लागतात.

इथे एक गंमतीची वाटणारी पण खरंच जपायची गोष्ट आहे. हा आरसा डोक्याबरोबर फिरतो. लेन बदलण्याआधी उजवीकडे मान वळवली की हेल्मेटची मागची खिडकी डावीकडे वळते. म्हणजे उजवीकडे जायच्या नेमक्या क्षणी आरसा डावीकडचा मागचा रस्ता दाखवत असतो! नवख्याला तिथे रिकामा रस्ता दिसला आणि तो ‘मागे कुणी नाही’ असं समजला तर काम संपलं. क्रम असा हवा: डोकं सरळ ठेवून हेल्मेटच्या आरशात, मग बाइकच्या आरशात, मग मान वळवून खांद्यामागे. मान वळवलेली असताना कपाळावरच्या आरशाकडे बघायचंच नाही.

वर-खाली बाबतीतही हेच. मान ५ अंशांनी खाली झुकली की मागची नजर ५ अंशांनी वर जाते. ३० मीटर मागे हा फरक अडीच मीटरहून जास्त होतो, म्हणजे अख्खी गाडी दृश्याच्या खाली सरकू शकते आणि आरशात नुसतं आभाळ उरतं. ताठ बसून चालवायच्या बाइकवर नीट लावलेला आरसा टाकीवर वाकून चालवायच्या बाइकवर निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. दुकानात उभं राहून केलेली जुळवणी उपयोगाची नाही. आपल्या बाइकवर, आपल्या रोजच्या बैठकीत बसूनच आरसा लावायला हवा. मागे कुणी बसलं, पाठीवर मोठी बॅग असली किंवा मागच्या खिडकीवर चिखल उडाला तर मधली पट्टी गेलीच. पावसात खिडकीवर थेंब आणि रात्री मागच्या गाडीचा हायबीम, हे दोन्ही त्रास नेहमीच्या आरशासारखे इथेही आहेत, फक्त हायबीम आता डोळ्याच्या जास्त जवळ असतो.

मग डोळ्यांच्या सवयीचा मुद्दा. कपाळापाशी सतत हलणारं छोटं चित्र असलं की नजर तिकडे ओढली जाते. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात आपण जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेलो असतो. १९८१ साली अमेरिकेत अपघातांचे संशोधक हॅरी हर्ट यांनी आपला प्रसिद्ध अहवाल मांडला. लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटरसायकल अपघात त्यांच्या चमूने प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. त्यात दिसलं की तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका समोरच्या रेषेपासून दोन्हीकडे ४५ अंशांच्या आतूनच आला होता. धोका बहुतेकदा समोरूनच येतो. मागचं बघणं निरर्थक आहे असा याचा अर्थ मी लावत नाही. सिग्नलला थांबताना, ब्रेक दाबण्याआधी, लेन बदलताना मागे काय आहे हे माहीत असणं जीव वाचवतं. पण हेल्मेटमधला आरसा अर्ध्या सेकंदात उरकायच्या नजरेसाठी आहे. त्यात बघत बसायचं नसतं.

आरशांची ही कसरत टाळून कॅमेरा लावावा, असंही अनेकांना सुचलं. २०१४ साली स्कली नावाच्या अमेरिकी कंपनीने एआर-१ हे हेल्मेट जाहीर केलं: मागे १८० अंश टिपणारा कॅमेरा आणि डोळ्यासमोर छोटा पारदर्शक पडदा. नव्या वस्तूंसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या इंडिगोगो या वेबसाइटवर लोकांनी २४ लाख डॉलरच्या आसपास पैसे भरले. २०१६ मध्ये कंपनी बंद पडली आणि पैसे भरणाऱ्या बहुतेकांच्या हाती हेल्मेट पडलंच नाही. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात डोळ्यासमोर माहिती दाखवणारं हेल्मेट नमुना म्हणून दाखवलं.

कॅमेऱ्याची ताकद उघड आहे. टाळूवरून बोगदा नको, एक बारीक भिंग आणि वायर पुरते, आणि खांद्यामागचा तो निसटता कोपराही त्यात येतो. पण १८० अंश बोटभर पडद्यावर दाबून बसवले की मागचा ट्रक माशीएवढा होतो आणि तो किती जवळ आलाय याचा अंदाज चुकतो. कॅमेऱ्यातून पडद्यापर्यंत चित्र यायला थोडा वेळ लागतो. हा उशीर सेकंदाचा विसावा भाग असला आणि मागची गाडी आपल्यापेक्षा सेकंदाला २० मीटर जास्त वेगाने येत असली, तर पडद्यावर दिसते त्यापेक्षा ती एक मीटर जवळ असते. मीटरभराने बिघडत नाही, पण चित्र अडकलं किंवा बॅटरी संपली तर पडदा काहीच सांगत नाही, आणि आपण मात्र तो सांगेल म्हणून बाइकच्या आरशात बघायचं विसरलेलो असतो. सध्या तरी मी साध्या आरशाच्या बाजूने आहे.

घ्यायचंच ठरवलं तर मापाशी तडजोड नको. हेल्मेट डोक्यावर किंचित जरी फिरलं तरी आरसा त्याच्याबरोबर फिरतो, त्यामुळे इथे घट्ट माप नेहमीपेक्षाही महत्त्वाचं. पट्टा बांधून दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे हलवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. मग बाइक मोकळ्या जागी स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, समोर बघा, आणि एखाद्या मित्राला दहा-बारा पावलं मागून तुमच्या भोवती अर्धगोल चालत यायला सांगा. तो हेल्मेटच्या आरशातून कुठे बाहेर पडला, बाइकच्या आरशात कुठे आला, तिथून कुठे नाहीसा झाला आणि थेट डोळ्याच्या कोपऱ्यात कधी उगवला, हे त्याला ओरडून सांगा आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीवर खडूने खूण करायला लावा. दोन्ही बाजूंनी फेरी झाली की खाली उतरून त्या खुणा बघा. जिथे तो कुठल्याच आरशात नव्हता आणि डोळ्यांनाही दिसत नव्हता, तेवढ्या जागेसाठी दर वेळी मान वळवावी लागणार आहे.